चेन्नईचं पावणं

कोल्हापूरच्या माणसाला गावाबाहेर नेलं, की तो भेटेल त्याला घरी बोलावत सुटतो. शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी सोमशेखर याला अपवाद नव्हते. बायको शिवलीलासोबत चेन्नई बघायला गेले, तर लॉजचा मॅनेजर, रिक्षावाला, देवळाबाहेरची गजरेवाली, सगळ्यांना एकच, "या की कोल्हापूरला!" त्यांतल्या कुणालाच मराठी कळत नव्हतं, म्हणून निभावलं.

शेवटच्या संध्याकाळी मरीना बीचवर, बुडून गेलेल्यांचा आकडा लिहिलेल्या फलकासमोर, ते विजार वर करून पाण्यात उभे राहिले. लाट पायाशी यायची, मागे सरायची. गप्प उभं राहणं सोमशेखरांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी समुद्रालाच हाक दिली.

"हितं एकटंच काय करताय, पावणं? या की एकदा कोल्हापूरला! चार दिस ऱ्हावा!"

"अवो, काय बी काय!" शिवलीला हसली.

पुढची लाट गुडघ्यापर्यंत आली आणि जरा जास्तच वेळ थांबली. सोमशेखरांच्या डोक्यात परतीची गाडी होती. त्यांनी लक्ष दिलं नाही.

शाहूपुरीत त्यांचं घर वर, गोदाम खाली. गोदामात पाडव्याच्या विक्रीसाठी गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, छतापर्यंत रचलेले. यंदा त्यांनी सगळं भांडवल त्यातच घातलं होतं. आणि गुळाचा वैरी एकच, ओल.

आधी उशीत वाळू सापडली. बॅगेतून आली असेल, म्हणून झटकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच. मग फाल्गुनाच्या भाजून काढणाऱ्या उन्हात टॉवेल वाळेनासे झाले. त्यानंतर हुपरीचा किराणा दुकानदार सयाजी याचा फोन आला.

"अण्णा, गूळ खारट लागतोय की वो!"

सोमशेखर भुताखेताला मानणारे नव्हते. त्यांनी नळवाल्याला बोलावून फरशी उखडली. खाली माती कोरडी ठणठणीत. भरदुपारी ते स्वतःच गोदामात स्टूल टाकून बसले. दाराकडून ओलीची एक रेघ सरकत आली, पहिल्या रांगेतल्या रव्यांना लागली, थांबली, मागे गेली. पुन्हा आली. खालचे रवे पाझरायला लागले होते. सोमशेखरांनी बोट बुडवून जिभेला लावलं. समुद्राचं खारं पाणी.

कोकणातला समुद्र घाटाखालीच, पण तो बिचारा कधी फिरकला नाही. हा चेन्नईचा मात्र अख्खा देश ओलांडून आला होता.

"बोलावलंसा तुमीच," शिवलीला म्हणाली. "आता पावण्याला जा म्हनायचं व्हय?"

"अगं, गूळ गेला तर आपण रस्त्यावर आलो!"

"मग जेवू घालून मानानं वाटंला लावू."

तिनं फरशीवर ताट मांडलं. गूळ-पाणी, जोंधळ्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही. सोमशेखरांनी टोपी घातली, हात जोडले. इतकं वाकून ते सासऱ्यांसमोरही कधी उभे राहिले नव्हते.

"पावणं, गोड मानून घ्या."

पाणी आलं. ताटाभोवती फिरलं. भाकरी हळूहळू भिजली, मग दिसेनाशी झाली.

मग ओल मागे सरली. रव्यांपासून, फरशीवरून, दाराखालून. पायऱ्या उतरून तापलेल्या डांबरावर गेली. सोमशेखरांना रडूच फुटलं. वाचलो, गूळ वाचला!

शिवलीलानं मात्र जन्मात कुणाला नुसतं पाठवलं नव्हतं. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि दारातून हाक दिली.

"एकटंच आलासा! पुढच्या बारीला घरच्या समद्यांस्नी घिऊन या!"

रस्त्यावरची ओल थांबली.

मग गेली.

पाडव्याच्या सकाळी सोमशेखरांनी शटर वर केलं. गूळ कोरडा होता. रस्ता रिकामा होता.

पायरीवर चपला होत्या.

ओल्या, नीट ओळीनं मांडलेल्या. पुरुषांच्या, बायकांच्या, एक कोळ्याचा रबरी बूट. सगळ्यांची टोकं आतल्या बाजूला.

"कोन आलंय वो?" वरून शिवलीलानं विचारलं. "ताटं किती मांडू?"

सोमशेखर खाली वाकले. ते शेवटच्या जोडाकडं बघत होते. तळहातावर मावेल एवढाच होता, आणि त्याच्या पट्ट्यांवर शिंपले वाढले होते.