सासूबाईंचं पिंप

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे मी मनाने रचलंय असं कुणी म्हणू नका. ज्या घरात हे घडलं, त्याच घरात मी आजही राहते.

गाव ओनोमिची, जपानातलं. स्टेशनजवळून सुरू होणारी, वर छप्पर असलेली आमची बाजारगल्ली. गेल्या नोव्हेंबरातला दुसरा बुधवार. दुपारचे अडीच.

हो, दुपारचे.

आमची गल्ली बुधवारी बंद असते. सगळी शटरं खाली, माणूस नाही.

आमचं लोणच्यांचं दुकान आहे. मागच्या खोलीत लाकडी पिंप, त्यात तांदळाचा खारवलेला कोंडा. त्यात काकडी, मुळा, वांगी पुरायची आणि रोज उघडा हात कोपरापर्यंत घालून कोंडा खालीवर करायचा. दोन दिवस चुकले की पिंप नासलंच म्हणून समजा. ज्याचा हात फिरतो, त्याच्या हाताची चव लोणच्याला येते. हे आमच्याकडे पोरालाही ठाऊक असतं.

या पिंपात एक्कावन्न वर्षं माझ्या सासूबाईंचा हात फिरला. हात्सुए त्यांचं नाव. मला या घरात येऊन बावीस वर्षं झाली, पण त्यांनी मला पिंपाचं झाकणसुद्धा उचलू दिलं नाही.

"मिसाओ, तू आपली पाकिटं बांध," म्हणायच्या. "तुझ्या हाताला चव नाही."

तेही गिऱ्हाइकांसमोर! मी हसायचे. आतून जळायचे.

सप्टेंबरात त्या गेल्या. तेव्हापासून हात मी घालू लागले. रोज पहाटे. पण पाकिटाला बांधायच्या चिठ्ठ्या त्यांनीच ब्रशने लिहून ठेवलेल्या होत्या : हात्सुएच्या हातचं.

"हे खोटं आहे," मी नवऱ्याला म्हटलं. "हात माझा आहे. नावही माझं लाव."

"लोक आईच्या नावासाठी येतात," शिगेकी म्हणाला. "तुझं नाव कुणाला माहितीये?"

मला त्याच्या तोंडावर झाकण फेकून मारावंसं वाटलं.

त्यात निशिवाकीबाई. दर महिन्याला ओसाकाहून मुलीकडे येतात आणि परत जाताना शेजाऱ्यापाजाऱ्यांना भेट म्हणून दहा-बारा पाकिटं नेतात. नोव्हेंबरात आल्या, काकडीची फोड तोंडात टाकली आणि नाक मुरडलं.

"हात बदलला वाटतं. हात्सुएबाईंची सर नाही हो."

रागारागाने मी पिंपाकडे फिरकायचीच बंद झाले. मंगळवारी हात घातला नाही. बुधवारीही नाही. नासू दे मेलं!

आणि बुधवारी दुपारी अडीचला...

मागच्या खोलीतून आवाज आला.

चपक... चपक... चपक.

ओला कोंडा उलटण्याचा. बावीस वर्षं ऐकलेला आवाज. मी ओळखणार नाही?

शिगेकी भाजी आणायला फुकुयामाला गेला होता. मागच्या दाराला कडी होती.

मग थोपटण्याचा आवाज. थप. थप. आणि शांत.

मी आत गेले. कुणी नव्हतं. झाकण बाजूला भिंतीला टेकवलेलं. कोंडा वरून तळहाताने सारखा केलेला. पिंपाची कड फडक्याने पुसलेली. फडकं ओलं...

आणि नासका वास? जराही नाही.

एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी होऊन गेले होते. त्या दिवशी गेलेलं माणूस वाटेला लागतं म्हणतात. ह्या गेल्याच नव्हत्या!

दुसऱ्या दिवशी शेजारचा चहावाला मुळा खाऊन म्हणाला, "वा! अगदी म्हातारीच्या हातचा."

मी शिगेकीला सगळं सांगितलं. तो हसला.

"हात कुणाचा का असेना, चव आली ना?"

घाबरायचं सोडून मी पेटले. जिवंतपणी हात लावू दिला नाही, आणि मेल्यावरही माझ्यावर भरवसा नाही?

पुढच्या बुधवारी मी बाही वर करून त्या खोलीच्या दाराशी बसून राहिले.

अडीच वाजले...

चपक... चपक.

मी दार ढकललं. आवाज थांबला. खोली रिकामी. पण कोंडा हलत होता. आतून कुणी मूठ वळावी तसा मधोमध वर यायचा, बसायचा.

"मेलात ना तुम्ही?" मी ओरडले. "मग काढा हात! बावीस वर्षं पाकिटं बांधली मी. आता हे पिंप माझं आहे!"

आणि उजवा हात कोपरापर्यंत आत खुपसला.

आत... बोटं होती.

लहान, सुरकुतलेली. माझ्या बोटांत शिरली आणि आवळत गेली. मी ओढत होते, ती सोडत नव्हती. दुखून डोळ्यांत पाणी आलं, तरी मी शिव्या द्यायची थांबले नाही. मग हळूहळू तो हात माझा हात फिरवू लागला. खालचं वर. वरचं खाली. लहान मुलाला शिकवतात तसा.

बावीस वर्षांत पहिल्यांदा मला शिकवत होत्या.

आणि एकदम आत काहीच उरलं नाही.

त्यानंतर एकदाही आवाज आला नाही. बुधवारीही नाही. रोज मी एकटीच हात फिरवते. डिसेंबरात निशिवाकीबाई आल्या. वांग्याची फोड खाल्ली, डोळे मिटले.

"हीच! हीच ती चव!"

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. माझ्या हाताला त्यांची चव कुठून आली?

गेल्या आठवड्यात जुन्या चिठ्ठ्या संपल्या. शिगेकीला न विचारता मी ब्रश घेऊन बसले. माझं नाव लिहायला.

कागदावर उमटलं... हात्सुएच्या हातचं.

अक्षर त्यांचं. दुसरा कागद घेतला. तेच. तिसरा घेतला. मनात 'मिसाओ, मिसाओ' म्हणत राहिले आणि हात आपलं तेच लिहीत राहिला. तीनही कागद मी टराटरा फाडले.

मग ब्रश डाव्या हातात धरला. अर्धा तास लागला. शाई सांडली, अक्षरं वाकडीतिकडी आली, पण नाव माझं आलं. मिसाओ. आता प्रत्येक पाकिटावर तीच चिठ्ठी असते. शिगेकी कुरकुरतो, गिऱ्हाइकं अक्षर बघून हसतात. हसू देत.

डावा हात मी पिंपात कधीच घालत नाही.