रागिणीचं पिवळं कार्ड

परतवाड्याच्या बसस्टँडवर बाक रिकामं नव्हतं, म्हणून रागिणी खुशाल समोरच्या निळ्या डब्यावर टेकली — आणि मागून आवाज आला, "मॅडम, उठा तिथून. पोरायचं रक्त हाये त्याच्यात."

ती ताडकन उठली. वळून पाहते तर उंच, सावळा कुलदीप. चेहरा रागावलेला आणि डोळे मात्र हसरे! मेळघाटातल्या मुलांच्या रक्ताचे नमुने बर्फात घालून अकोल्याच्या लॅबला पोचवणं, हे त्याचं काम. ते नमुने जिच्या अभ्यासासाठी जातात ती अमरावतीची नवी संशोधक हीच, हे कळल्यावर मात्र त्यानं स्वतःचेच कान धरले.

रागिणीचा अभ्यास सिकलसेलवर. या आजारात रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, मेंदूच्या नसा अरुंद होतात आणि एखाद्या सकाळी खेळतं पोर अर्ध्या अंगानं लुळं पडतं. तिच्या धाकट्या भावाचं असंच झालं होतं. डोक्याला यंत्र लावून नसांतल्या रक्ताचा वेग मोजायचा आणि हा धोका आधीच हेरायचा, एवढाच तिला ध्यास.

मग दर मंगळवारी तो परतवाड्याच्या दवाखान्यात, ती तपासायची तिथे, डबा न्यायला लवकर येऊ लागला... आणि ती नमुने द्यायला उशीर करू लागली. सहा वर्षांच्या एका मुलीचा धोका वेळेत सापडला, त्या दिवशी रागिणी नाचायचीच काय ती बाकी होती. त्याचा हात मात्र तिनं धरला, चांगला बराच वेळ!

पण तिच्या पर्समध्ये तिच्या स्वतःच्या सिकलसेल तपासणीचं पिवळं कार्ड होतं. पांढरं म्हणजे निर्दोष, पिवळं म्हणजे वाहक. स्वतःला त्रास नाही, पण जोडीदारही पिवळा निघाला तर मुलांना आजार होऊ शकतो. न राहवून तिनं कुलदीपला त्याचं कार्ड विचारलं.

"मी सगळ्यायचं रक्त नेऊन राहिलो," तो डोकं खाजवत म्हणाला, "माह्यं कोनी घेतलंच नाई."

रागिणी अशी भडकली म्हणून सांगू! तिथल्या तिथे खुर्चीत बसवून तिनं त्याचं रक्त काढलं. बिचारा स्वतःचाच नमुना घेऊन अकोल्याला गेला.

पुढच्या मंगळवारी तो बंद पाकीट घेऊन आला. "उघडलं नाई. तू नाई म्हनशील, या भेवानं."

आधी रक्त तपासा, मग लग्न ठरवा, असं ती गावोगाव सांगत आली होती. आज तिला पाकीट उघडेपर्यंतही धीर निघेना.

"आधी माह्यं आईक," ती त्याच्याच बोलीत म्हणाली. "मले तूच पायजे. पिवळं निघालं त डॉक्टरले विचारू, पोटातल्या बाळाची तपासनी करू... पन तुले सोडनार नाई."

शेवटी पाकीट तिनंच फाडलं. कार्ड पांढरं होतं!

कुलदीपनं त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "पुन्हा म्हन न," तो म्हणाला. "ते आधीचं."

आणि रागिणीनं अख्ख्या दवाखान्यासमोर ते पुन्हा म्हटलं.