ह्या तुमच्या कोण?

निवृत्त सैनिकांच्या दवाखान्यात बायकांसाठी वेगळी खोली होती, तिथे ती मला भेटली. मी अंगातला कोट काढत होते, पुन्हा घालत होते, पुन्हा काढत होते... पोटातून निघालेली वाफ मानेपर्यंत चढली होती. समोरची बाई उठली, घट्ट बसलेल्या खिडकीच्या कडीला तळहाताने दणका दिला आणि खिडकी उघडली. गार वारा आत आला.

"पाळी जातेय?"

"जाता जात नाहीये," मी म्हणाले.

"माझी गेली. जाताना झोप घेऊन गेली." ती हसली. हसताना फक्त डावा गाल हलायचा.

ती सैन्यात ट्रक दुरुस्त करायची. सगळे तिला पाना म्हणत. मी बिनतारी यंत्रावर होते. आत डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "नवरा?" मी नाही म्हटलं. "मग पुढचे प्रश्न नकोतच," असं म्हणून त्यांनी रक्तदाब मोजला. बाहेर पाना थांबली होती — चहासाठी.

"इतकी वर्षं यंत्रावर कुणाकुणाशी बोलायचात हो?"

"कामापुरतं."

"आणि बिनकामाचं?"

"ते कुणी ऐकलं असतं, तर नोकरी गेली असती."

तिचं हसू मावळलं. "माझ्या एका मैत्रिणीची गेली," ती हळूच म्हणाली. "तिनं माझं नाव सांगितलं नाही... म्हणून मी राहिले."

समजायचं ते आम्ही दोघी समजलो.

मग भेटी वाढल्या, 'तुम्ही'चं 'तू' झालं. एका संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात मी कप विसळत होते. तिनं मागून येऊन माझ्या मानेवर ओठ टेकले. मला ती हवी होती, देवाशपथ हवी होती... पण अंग दगडासारखं झालं. मी ओल्या हातांनीच कोट उचलला आणि निघून आले. त्यानंतर तिचे फोन घेतले नाहीत.

रविवारी सकाळी ताईनं हाक मारली. मी ताईकडेच राहते. "अगं, कुणीतरी आलंय. आत ये म्हटलं तर येत नाही. चहा टाकू, की आधी भांडण उरकताय?"

पाना दारातच उभी होती. डोळे सुजलेले.

"मी नको असेन तर तसं सांग. पण असं पळू नकोस."

"नको नाहीस गं..." ताई आत गेल्याची मी खात्री केली. "दुखतं मला. तिथे सगळं कोरडं पडलंय. वाटलं, जन्मभर लपवलं आणि आता कुठे कुणी भेटलं, तर शरीरच उरलं नाही."

तिनं कपाळ माझ्या खांद्यावर टेकलं. "वेडे... मलाही दुखतं. मला वाटलं, तुला माझं म्हातारपण दिसलं."

आम्ही दोघी मिळून दवाखान्यात गेलो. डॉक्टर त्याच.

"ह्या तुमच्या कोण? बहीण?"

हो म्हणायची सवय जिभेवर तयारच होती. पाना खाली बघत होती; मी हो म्हटलं असतं, तर तिनं तेही मान्य केलं असतं.

"माझी जोडीदार," मी म्हणाले. "आणि मला जवळ येताना दुखतं. ह्या वयात दुखणारच, असं सांगू नका."

डॉक्टर थबकल्या. त्यांचे कान लाल झाले. "मागच्या वेळी मीच विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या आणि पानासाठी खुर्ची ओढली. मग नीट समजावलं — मलम, ते कसं लावायचं, पुन्हा कधी यायचं. "गुण यायला थोडे आठवडे लागतील. घाई करू नका."

"पन्नाशी उलटली, डॉक्टर. घाई कोण करतंय?" पाना पुटपुटली.

बाहेर पडवीत म्हातारे सैनिक रांगेनं बसले होते. त्यांच्यासमोर मी तिचा हात धरला. लोखंडाशी झुंजलेल्या त्या हातानं माझी बोटं घट्ट धरली.

"चल ना गं," मी म्हणाले.

"चलते..." ती जागची हलली नाही. "आधी जरा असाच धरून ठेव."