हिरव्या गल्लीतली गिरणी

दुपारचं जेवण उरकून सारिका मगदूम गिरणीचं शटर वर करत होती, तेवढ्यात चौगुल्यांचा फोन आला.

"वहिनी, जरा गिरणी लावता का?"

"आत्ता दळण नाही हो. चारनंतर येतात सगळे."

"दळणाचं नाही म्हणत मी." संदीप चौगुले, गल्लीच्या शांतता समितीचे अध्यक्ष, नेहमीसारखेच मऊ आवाजात बोलत होते. "थोडा वेळ नुसती चालू ठेवा. उद्या तिमाही संपते, माहीत आहे ना?"

सारिकाला माहीत होतं. कासारपट्टीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. रिकामी गिरणी फिरवली की दगड एकमेकांवर घासून खराब होतात, म्हणून तिनं कोपऱ्यातलं किडक्या ज्वारीचं पोतं ओढलं, दोन डबे वरच्या पेटीत ओतले आणि बटण दाबलं. पट्टा सरसरला, दगड फिरू लागले आणि ओळखीची घरघर गल्लीभर पसरली.

समोरच्या खांबावरच्या पाटीवर हिरव्या रंगात आकडा होता, अकरा.

तो कासारपट्टीचा उपद्रवांक. शहरातल्या प्रत्येक गल्लीला असा आकडा होता. चोऱ्या, मारामाऱ्या, दारू पिऊन घातलेला गोंधळ, पोलिसांकडे गेलेल्या तक्रारी, सगळं एकत्र करून यंत्र पुढच्या तीन महिन्यांचं भाकीत करायचं. इथं उपद्रव होण्याची शक्यता शंभरात किती? पाटीवरचा आकडा दिवसभर वरखाली व्हायचा, पण तिमाही संपताना जो असेल तो पुढचे तीन महिने पक्का व्हायचा. प्रत्येक खांबावर ध्वनिग्राहक होता. त्याला शब्द कळत नसत, तसं कायद्याचं बंधनच होतं. त्याला कळायची ती फक्त आवाजाची जात. किंकाळी, काच फुटणं, पळापळ, मार.

सुरुवातीला हा आकडा पोलिसांची गस्त कुठं वाढवायची एवढंच ठरवत असे. मग विमा कंपन्यांनी तो मागितला, मग घरपोच सामान देणाऱ्यांनी, मग बँकांनी. लग्नाच्या बोलण्यात पत्रिकेआधी गल्लीचा आकडा विचारला जाऊ लागला. कासारपट्टी तेव्हा लाल होती. लाल गल्लीत रिक्षा शिरत नसे आणि दवाखान्याची गाडीही शिरत नसे.

सारिकाला त्या गाडीचंच पडलं होतं. तिचे सासरे, अण्णा, यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा रक्त शुद्ध करून घ्यायला त्यांना न्यावं लागे. नवरा गेल्यापासून घरात दुसरं कुणी नव्हतं. ती एकटीच त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून खड्ड्यांतून हमरस्त्यापर्यंत ढकलत न्यायची. एकदा खुर्ची कलंडली आणि अण्णा कपाळावर पडले. रक्त पुसत ते हसले होते, पण त्या रात्री सारिका झोपली नाही.

मग चौगुल्यांनी समिती काढली. त्यांनी बंद दिवे दुरुस्त करून घेतले, कोपऱ्यावरचा दारूचा अड्डा हलवला, रिकाम्या पोरांसाठी व्यायामशाळा उभी केली. हे काही खोटं नव्हतं. आकडा उतरत गेला. गल्ली हिरवी झाली आणि दवाखान्याची गाडी दारात उभी राहिली, तेव्हा अण्णांनी चौगुल्यांचे हात हातात घेतले होते.

गिरणीचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं, कोण जाणे. खांबावरच्या यंत्रानं गिरणीची घरघर शिकून घेतली होती. रोजचा, निरुपद्रवी आवाज म्हणून ते ती हिशेबातून वजा करायचं. पण मोठा आवाज वजा करताना त्याच्या आड दडलेले आवाजही त्याच्याबरोबर जायचे. पहिल्यांदा एका बारशाच्या दंग्यासाठी तिला गिरणी लावायला सांगितलं. मग दोन जावांचं भांडण झालं तेव्हा. त्या वेळी सारिका पोट धरून हसली होती. पुढं फोन वारंवार येऊ लागले आणि कशासाठी हे विचारणं तिनं सोडून दिलं.

"काकू! काकू, सरांना पाहिलंत का?"

दारात मेघना हुद्दार उभी होती. तिचा नवरा गिरीश वरच्या आळीत शिकवण्या घ्यायचा. सगळी गल्ली त्याला सरच म्हणे. अण्णांची नजर अधू झाल्यापासून तो रोज संध्याकाळी येऊन त्यांना पेपर वाचून दाखवायचा.

"काय झालं?" घरघरीवर आवाज काढत सारिकानं विचारलं.

"आमची स्कूटर चोरीला गेली ना परवा. कुणी नेली ते यांनी स्वतः पाहिलंय. समितीतल्या पाटलांच्या मुलानं. सकाळी यांनी पोलिसांकडे तक्रार नोंदवली." मेघनाला धाप लागली होती. "तेव्हापासून फोनवर फोन. तक्रार मागे घ्या, संध्याकाळच्या आत मागे घेतली तर आकड्यात धरत नाहीत. हे नाही म्हणाले. मग व्यायामशाळेतली दोन पोरं आली, म्हणाली, सर, पाच मिनिटं चला, बोलून मिटवू. तासभर झाला. फोन लागत नाही."

समितीची खोली गिरणीच्या मागेच होती. मधे एकच भिंत.

तिनं मागं वळून पाहिलं. भिंतीवरच्या फळीवर पिठाचे रिकामे डबे होते आणि डब्यांवर वर्षानुवर्षांचं पीठ साठलेलं. गिरणी चालू असली की ते पीठ बारीक थरथरत खाली झरायचं, एकसारखं. आज ते मधूनच भसकन खाली येत होतं. जरा थांबायचं, पुन्हा भसकन. जणू पलीकडून कुणीतरी काहीतरी भिंतीवर आदळत होतं.

मेघनानंही ते पाहिलं. ती भिंतीपाशी गेली, तिनं दोन्ही तळवे भिंतीला लावले आणि तशीच उभी राहिली. मग तिनं मान वळवून सारिकाकडे पाहिलं.

सारिकाचा हात बटणाकडे गेला आणि फोन वाजला.

"वहिनी, अजून दहा मिनिटं," चौगुले म्हणाले. "बंद करू नका हं. होतच आलंय."

"काय होत आलंय, भाऊ?"

"गल्लीचं भलं होतंय. अण्णांची उद्याची पाळी आहे ना? गाडी दारात यायला हवी ना?"

तिनं फोन ठेवला. उद्याची पाळी. अण्णांना गेल्या आठवड्यापासून उभंही राहवत नव्हतं. हमरस्ता, खड्डे, कलंडलेली खुर्ची, कपाळावरचं रक्त, सगळं तिच्या डोळ्यांपुढं आलं. बटणावर ठेवलेलं बोट तिला स्वतःचंच वाटेना. फळीवरून पुन्हा पीठ ढासळलं.

तिनं बटण दाबलं.

दगड रखडत थांबले. गल्ली इतकी शांत झाली की कानांत दडे बसल्यासारखं झालं. मग भिंतीपलीकडून आवाज आला, ओला, जड. पाठोपाठ माणसाचा आवाज, "नाही… नाही घेणार मागे…" आणि पुन्हा तोच जड आवाज.

मेघना किंचाळली.

सारिका धावत बाहेर आली. खांबाखाली उभी राहिली आणि छाती फुटेल इतक्या जोरात ओरडली. काय ओरडली ते तिला नंतर आठवेना. यंत्राला शब्द कळणारच नव्हते. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. ओळखीचे चेहरे दिसले. तिच्याकडे दळण आणणारे, सणाला फराळाची ताटं पाठवणारे. मग एकेक करून खिडक्या मिटल्या.

पाटीवर आकडा बदलला. सव्वीस. सत्तेचाळीस. रंग पिवळा झाला.

समितीच्या खोलीचं दार उघडून दोन पोरं बाहेर आली. त्यांनी सारिकाकडे पाहिलंच नाही, आधी खांबाकडे पाहिलं. त्यांच्यामागून चौगुले आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"वहिनी, लावा ती गिरणी. अजून वेळ आहे. यंत्र पंधरा मिनिटांची सरासरी धरतं. लावा!"

"सरांना बाहेर आणा."

"तुम्हाला कळतंय का काय करताय? चारशे घरं आहेत मागं!"

सारिका मागं सरकत गिरणीच्या दारात आली आणि बटणाला पाठ लावून उभी राहिली. एका पोरानं पाऊल पुढं टाकलं. तिनं शेजारचा धान्य ढवळायचा दांडा उचलला. दोन्ही हातांनी तो आडवा धरला. मेघना अजून किंचाळतच होती, थांबत नव्हती, श्वास घेऊन पुन्हा किंचाळत होती. पाटी लाल झाली. आणि लाल गल्लीसाठी राखून ठेवलेलं पोलिसांचं गस्तीचं यान शहराच्या कुठल्याशा कोपऱ्यातून उडालं.

पोलीस आले तेव्हा गिरीशचा उजवा हात कोपरापासून लोंबत होता. त्याच्या फोनवर तक्रार मागे घेण्याचं पान उघडलेलं होतं, काचेवर रक्तानं माखलेल्या अंगठ्याचे ठसे. त्याचा अंगठा धरून पोरांनी तो पुन्हा पुन्हा काचेवर टेकवला होता. पण तक्रार मागे घ्यायला त्याच्या तोंडून होकारही लागत होता आणि तो त्यानं दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याची गाडी हमरस्त्यावरच थांबली. सारिका अण्णांना खुर्चीत बसवून निघाली. गल्लीत कुणी तिच्याशी बोललं नाही. एका ओट्यावरून कुणीतरी थुंकलं. अर्ध्या वाटेवर मेघना मागून धावत आली आणि तिनं खुर्चीची दुसरी मूठ धरली.

"तुझे पाय दुखत असतील गं, सारिका," अण्णा म्हणाले. मग पुढचा खड्डा ओलांडल्यावर त्यांनी विचारलं, "सरांचा हात बरा होईल ना?"

त्या आठवड्यात कुणी दळण आणलं नाही. जामिनावर सुटून आलेले चौगुले एका सकाळी गिरणीच्या पायरीवर येऊन बसले. ते एकदम म्हातारे दिसत होते.

"मला कुणाला मारायचं नव्हतं, वहिनी. नुसतं घाबरवायचं होतं. हात पोरांनी उचलला."

"आणि आवाज मी झाकला," सारिका म्हणाली. "किती वेळा झाकला, सांगा ना. सर पहिलेच होते का?"

चौगुले पायरीवरून उठले आणि चालू लागले. तिला उत्तर मिळालं.

त्यानंतर दोन दिवसांनी शबाना मुजावर आल्या. तिशीतल्या असतील. उपद्रवांक काढणाऱ्या कक्षात त्या संख्याशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी गिरणी पाहिली, भिंत पाहिली, मग सारिकानं पुढं केलेल्या स्टुलावर बसल्या.

"चार वर्षांत शहरातला उपद्रव निम्म्यावर आला, असा अहवाल आम्ही काढला," त्या म्हणाल्या. "मीच लिहिला. दुसऱ्या शहरांतून लोक शिकायला येतात आमच्याकडे. पण एक गोष्ट मला कधीपासून टोचत होती. तक्रारी निम्म्या झाल्या, आरडाओरडा निम्मा झाला, पण हाडं मोडून दवाखान्यात येणारी माणसं आहेत तेवढीच आहेत. त्यांना विचारलं की सगळे म्हणतात, जिन्यावरून पडलो."

"मग साहेबांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं. ते म्हणाले, जिने दुरुस्त करायला सांगू." मुजावर मॅडम हसल्या नाहीत. "तुमच्या गल्लीनंतर मी ध्वनिग्राहकांची जुनी नोंद काढली. काही गल्ल्यांत दुपारी भजन लागतं. काही ठिकाणी बोअरची मोटर चालते, पाणी नसताना. एका ठिकाणी तर शाळेची घंटा वाजते, सुट्टीच्या दिवशी. पण जिथं काहीच लागत नाही, नुसती शांतता आहे, तिथं काय आहे ते मला कळत नाही."

त्यांनी मांडीवरच्या टॅबवर शहराचा नकाशा उघडला. सगळं शहर हिरवंगार होतं. मधोमध एकच लाल ठिपका, कासारपट्टी.

"मला जाऊन बघायचंय," त्या म्हणाल्या. "पण एवढ्या हिरव्यात आधी कुठं जाऊ? खरोखर सुखी गल्ली कुठली आणि दाबलेली कुठली, हे बाहेरून ओळखायचं कसं?"

सारिकाला ते कुठून माहीत असणार? तिला तर स्वतःच्या भिंतीपलीकडचं कळलं नव्हतं. तिनं नकाशा स्वतःकडे वळवला.

"तुम्ही कुठं राहता, मॅडम?"

मुजावर मॅडमनी नदीकाठच्या एका गडद हिरव्या चौकोनावर बोट ठेवलं. "इथं. आमची सोसायटी. आकडा चार. सहा वर्षं झाली, एकदाही वर गेलेला नाही."

"बरं," सारिका म्हणाली. "मग तिथं शेवटचं भांडण तुम्ही कधी ऐकलंत?"

मुजावर मॅडमनी आठवून पाहिलं, पण सहा वर्षांतलं एकही आठवेना. त्यांचं बोट त्या हिरव्या चौकोनावर तसंच राहिलं.