ब्रेक ओढला आणि जीप निघाली

जीपचं डावं मागचं चाक भिंगरीसारखं गरगरत होतं. चिखलाचे शिंतोडे थेट गोठ्याच्या पत्र्यावर उडत होते. आणि त्याच वेळी उजवं मागचं चाक मात्र ढिम्म उभं होतं. ते चांगलं कोरड्या कातळावर टेकलेलं होतं, तरीही!

शलाकाने वाकून पाहिलं. डोळे चोळून पुन्हा पाहिलं. मग ती ओरडलीच, "आबा, बंद करा, बंद करा! चाक तुटलंय!"

आबांनी मोटर बंद केली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "कुठलं गं?"

"उजवं. फिरतच नाहीये ते!"

"तुटलं-बिटलं काही नाही. सगळं शाबूत आहे, म्हणूनच तर ते फिरत नाहीये."

शलाका त्यांच्याकडे बघतच राहिली. शाबूत आहे म्हणून फिरत नाही? हे काय बोलणं झालं?

पण आबा उगाच काहीबाही बोलणारे नव्हते. डॉक्टर नीलेश शेडगे म्हणजे चंद्रावर फिरणाऱ्या गाड्यांची चाकं बनवण्यात उभा जन्म घालवलेले शास्त्रज्ञ. निवृत्त झाल्यावर ते पाटणच्या डोंगरात, सडेवाडीला, आपल्या लेकीकडे राहायला आले. लेक म्हणजे शलाकाची आई, श्रावणी. ती वरच्या सड्यावरच्या (डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावरच्या) पवनचक्क्यांची इंजिनिअर होती. डिझेलवर चालणारी गाडी बघायची तर शहरातल्या संग्रहालयात जावं लागे, असे ते दिवस. गाड्या आपल्या आपण चालत, आपल्या आपण वळत, आणि माणसं आत बसून डुलक्या काढत. आबांनी मात्र गोठ्यामागे गंजत पडलेली एक जुनी जीप बाहेर काढली होती. तिचं डिझेल इंजिन उतरवून त्यांनी अंगणातच विजेची मोटर बसवली, मागच्या सीटखाली बॅटऱ्या लावल्या. पुढच्या चाकांना जोर देणारे गिअर झिजलेले होते, ते काढून बाजूला ठेवले. त्यामुळे सध्या सगळा जोर मागच्या दोन चाकांवर होता. आज पहिली चाचणी होती आणि जीप घराच्या मागेच रुतून बसली होती.

दोर लावून त्यांनी ती कशीबशी ओढून काढली. अंगणात आणल्यावर आबांनी मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलून अधांतरी केली आणि हँडब्रेक ओढला.

"या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांना धरत नाही," ते म्हणाले. "मोटरीकडून मागे येणारा हा मधला लांब दांडा असतो ना, त्याला धरतो. म्हणजे आता दांडा फिरणार नाही. बरं, तू हे डावं चाक हाताने पुढे फिरव. उजवं काय करेल?"

"काही नाही करणार. नाहीतर तेही पुढे जाईल."

"फिरव तर खरं."

शलाकाने दोन्ही हातांनी चाक पुढे ढकललं. आणि चटका बसावा तसे हात मागे घेतले. पलीकडचं चाक उलटं फिरलं होतं! हिने पुढे ढकललं, ते मागे गेलं. तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. ती मटकन जमिनीवरच बसली.

"हे... हे भुताटकीसारखं आहे, आबा!"

"भुताटकी नाही, डिफरन्शियल आहे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी चाकांची पेटी)." आबांनी दोन चाकांच्या मधल्या, भोपळ्याएवढ्या लोखंडी गोळ्यावर टिचकी मारली. "दोन्ही चाकं एका अखंड दांड्यावर बसवलेली नसतात. प्रत्येकाचा दांडा वेगळा. दोन्ही दांडे या पेटीत येतात आणि तिथे छोट्या दातेरी चाकांनी एकमेकांशी जोडले जातात. एक हळू झालं की दुसरं तेवढंच जोरात फिरतं."

"पण कशाला? एकच सरळ दांडा घालायचा ना!"

आबांनी लगेच तिचा दंड आपल्या दंडात अडकवला आणि फणसाच्या झाडाभोवती फिरायला लागले. आबा आतून, झाडाला चिकटून. शलाका बाहेरून. आबा सावकाश पावलं टाकत होते आणि शलाकाला मात्र पळावं लागत होतं. अर्ध्या फेरीतच तिला दम लागला.

"कळलं!" ती धापा टाकत म्हणाली. "वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर तोडावं लागतं!"

"अगदी बरोबर. अखंड दांडा असता तर कुठलं तरी एक चाक वळणावर फरफटत गेलं असतं. टायर झिजले असते, गाडी नीट वळलीच नसती. म्हणून ही पेटी. पण तिची एक खोड आहे. ती दोन्ही चाकांना टॉर्क (फिरवणारा जोर) कायम सारखाच वाटते."

"सारखा? एक भिंगरीसारखं फिरत होतं आणि दुसरं जागचं हललं नाही, आणि तुम्ही म्हणता सारखा?"

आता मात्र शलाकाला आबा थट्टा करताहेत असंच वाटलं. आबा गोठ्यातून एक लांब बांबू घेऊन आले. तो त्यांनी अंगणातल्या फरशीवर आडवा ठेवला. बांबूच्या एका टोकापुढे पेंडीचं भरलेलं पोतं ठेवलं, दुसऱ्या टोकापुढे पुठ्ठ्याचं रिकामं खोकं.

"बांबूला बरोबर मधोमध ढकल. बघू पोतं हलवता येतं का."

शलाकाने ढकललं. खोकं सर्रकन पुढे सरकलं, बांबू तिरका झाला. पोतं जागच्या जागी. तिने अंगातली सगळी ताकद लावली. खोकं भिंतीकडे पळालं, पोतं ढिम्म हललं नाही.

"आता विचार कर," आबा म्हणाले. "रिकामं खोकं किती जोराला दाद देतं? एवढ्याशा. मग बांबूच्या त्या टोकाला तू त्याहून जास्त जोर लावूच शकत नाहीस, कारण खोकं पुढे पळतं. आणि मधोमध ढकलल्यामुळे दोन्ही टोकांना जोर सारखाच. म्हणजे पोत्यालाही तेवढाच..."

"एवढासाच मिळतो!" शलाका ओरडली. "चिखलातलं चाक म्हणजे खोकं! त्याला घर्षण (जमिनीची पकड) नाही, म्हणून ते फुकट फिरतं. आणि कातळावरच्या चाकालाही तेवढाच, एवढासा जोर!"

तिने बांबू पुन्हा सरळ केला. पुन्हा ढकलला. खोकं निसटायला लागलं तसा तिने चिडून त्याच्यापुढे पाय रोवला आणि बांबूला तसाच धक्का दिला.

पोतं हललं.

शलाका जागीच थिजली. तिने आबांकडे पाहिलं. आबाही तोंड उघडं टाकून तिच्या पायाकडेच बघत होते.

"आबा, मी खोक्याला अडवलं तर पोतं सरकलं. म्हणजे चिखलातल्या चाकाला ब्रेक लावला तर... तर गाडी पुढे जाईल? ब्रेक लावून?"

"हेच मी तुला उद्या दाखवणार होतो," आबा हळूच म्हणाले. "तू आजच मला दाखवलंस."

मग पुढचे दिवस अंगणात नुसती ठोकाठोक चालली. पूर्वी ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असत. तशीच सोय आबांनी जीपला केली. शेजारच्या सीटपुढे दोन लोखंडी दांड्या आल्या, एक डाव्या मागच्या चाकाच्या ब्रेकची, एक उजव्या. चाकांपाशी सेन्सर (वेग टिपणारी छोटी उपकरणं) बसले आणि काचेखाली दोन काटे आले. कुठलं चाक किती वेगात फिरतंय ते काट्यांवर दिसे. नळ्यांमधून ब्रेकचं तेल भरण्याचं काम शलाकाचं होतं. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

जीप तयार झाली त्याच आठवड्यात वादळ झालं. सड्याचा रस्ता ओढ्यापाशी खचून गेला. पाऊस थांबला, पण वारा थांबेना. आणि भर दुपारी आबांच्या मनगटावरचा फोन वाजला. आईबरोबर काम करणारा इम्तियाजमामा बोलत होता.

"आबा, श्रावणीताई शिडीवरून पडल्या. पायाचं हाड मोडलंय. पट्टी बांधलीय मी, पण पाऊल गार पडत चाललंय. निळं दिसतंय."

शलाका आबांच्या मनगटाला चिकटून उभी राहिली.

"उडती रुग्णवाहिका बोलाव!" आबा म्हणाले.

"आली होती. वाऱ्याने टेकताच येईना, परत गेली. कंपनीची गाडी खाली ओढ्यापाशी उभी आहे. 'पुढे रस्ता आढळत नाही' एवढंच म्हणते आणि हलत नाही."

आबा जीपकडे धावले. शलाकाही धावली.

"तू घरी थांब."

"आणि ब्रेक कोण ओढणार?" शलाका शेजारच्या सीटवर चढत म्हणाली. "तुम्हाला स्टिअरिंग सोडून ओढता येईल?"

आबांनी तिचा पट्टा स्वतःच्या हाताने घट्ट आवळला.

ओढ्यापाशी पोचले तेव्हा दोघंही सुन्न झाले. रस्ता म्हणून काही उरलंच नव्हतं. एका बाजूला धुतलेला कातळ, दुसऱ्या बाजूला लाल चिखलाची राड. कंपनीची चकचकीत गाडी दिवे मिचकावत काठावर उभी होती. आबांनी तिला वळसा घातला आणि जीप ओढ्यात घातली. निम्म्यावर गेले आणि मागून ती ओळखीची गरगर ऐकू आली.

डावा काटा टोकाला गेला होता. उजवा शून्यावर.

"डावं!" आबा ओरडले. "ओढ!"

शलाकाने दांडी धरली, पण तिचा हात चालेना. गाडी पुढे न्यायची आहे, वर आई पडली आहे, आणि ब्रेक ओढायचा? सगळं अंग नको म्हणत होतं. तिने डोळ्यांपुढे पेंडीचं पोतं आणलं आणि खसकन दांडी ओढली. मोटर गुदमरल्यासारखी घुमली. जीप थरथरली आणि जागीच थांबली.

"फार झालं! थोडं सोड. चाक बंद केलं तर तेच नांगरासारखं रुततं, फक्त जड करायचं!"

तिने बोटं ढिली केली. डावा काटा हळूहळू खाली यायला लागला. उजवा काटा थरथरला. शून्यावरून उठला. आणि कातळावरच्या चाकाने दात रोवावेत तशी जीपने एक उसळी घेतली. शलाकाचं डोकं मागे आपटलं. डोळे उघडले तर समोर पलीकडचा काठ होता.

"पार झालो!" तिला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. "आबा, पार झालो आपण!"

आई पवनचक्कीच्या पायथ्याशी पडली होती. चेहरा पांढराफटक, ओठ घट्ट मिटलेले. जीपमधून शलाका उतरलेली पाहून मात्र ती वेदना विसरून उठायलाच लागली. "आबा! हिला कुठे आणलंत?"

"तिने मला आणलंय," आबा म्हणाले.

इम्तियाजमामाने आईला अलगद मागच्या सीटवर निजवलं आणि तिचा पाय धरून शेजारी बसला. परतताना ओढ्यात जीप पुन्हा गरगरली. या वेळी उजवं चाक राडीत होतं. शलाकाने उजवी दांडी सावकाश ओढली.

"शलाका!" आई किंचाळली. "अडकलोय आपण, आणि ब्रेक काय लावतेस?"

"आई, गप्प पड ना!"

आयुष्यात पहिल्यांदाच ती आईला असं बोलली होती. आणि आई खरंच गप्प बसली, कारण जीप चढत होती.

दवाखान्यात आईच्या पायावर लगेच शस्त्रक्रिया झाली. थोड्या वेळाने पावलाला ऊब आली, बोटं हलली. डॉक्टरांनी आबांना बाजूला घेऊन सांगितलं, "आणखी उशीर झाला असता तर पाय वाचणं अवघड होतं." शलाकाने ते ऐकलं. दिवसभर न रडलेली ती आबांच्या शर्टात तोंड खुपसून हमसून हमसून रडली.

आई प्लास्टर घालून घरी आली तेव्हा आबा जीपमध्ये एक छोटा संगणक बसवत होते. शलाकाने विचारलं, "हा काय करणार?"

"तुझं काम. कुठलं चाक फुकट फिरतंय ते ओळखायचं आणि त्याला बेताचा ब्रेक लावायचा. सडेवाडीसारख्या सगळ्या डोंगरातल्या गाड्यांमध्ये बसवता येईल."

"पण बेताचा म्हणजे किती, ते त्याला कसं कळणार?"

"सेन्सरनी ओढ्यातलं सगळं टिपून ठेवलंय. तू किती ओढलंस, कधी सोडलंस, चूक कुठे झाली, दुरुस्त कशी केलीस. त्यावरूनच तो शिकलाय."

शलाकाने आपल्या हातांकडे पाहिलं. "माझ्यावरून?"

"तर काय! त्याला दुसरा गुरू कोण मिळणार?"

व्हरांड्यातून आई हसली. शलाकाने फरशीवर साबणाचं पाणी ओतलं. डावं चाक त्यात आणि उजवं कोरड्यावर, अशी आबांनी जीप उभी केली आणि मोटर चालू केली. डावं चाक एकदा घसरलं, कुठेतरी आत टक् असा आवाज झाला, आणि कुणीही दांडीला हात न लावता जीप शांतपणे पुढे सरकली.

शलाका आ वासून पाहत राहिली. "बघ, बघ आई," ती कुजबुजली, "अगदी माझ्यासारखा ब्रेक ओढतोय तो!"