कोपरावरचा चुडा

सकाळचं शूटिंग आटोपलं की जेवणाआधी राखी समाजमंदिरात बसून चित्रण तपासायची. दारव्ह्याजवळच्या तिच्याच तांड्यावर चित्रपट होत होता. काळ दीडशे वर्षांपूर्वीचा, बैलांवर मीठ लादून गोर, म्हणजे बंजारा लोक मुलूखभर फिरायचे तेव्हाचा. मागं कुणीतरी असाच एक चित्रपट काढला होता. त्यात तांड्यावर सिंथेसायझर वाजला आणि बायकांच्या कांचळ्यांना, म्हणजे चोळ्यांना, दोरीऐवजी चेन निघाली. राखीची याडी, म्हणजे आई चंदाबाई, अर्ध्यातून उठून आली होती. या वेळी कपडे, दागिने, आवाज सगळं राखीच्या हाती होतं, आणि एकही चूक राहू द्यायची नाही असा तिनं चंगच बांधला होता.

प्रसंग लेकीच्या पाठवणीचा होता. नवरीच्या आईचं काम चंदाबाईच करत होती; नवरीला गळ्याशी धरून ती ढावलो म्हणत होती, रडत म्हणायचं ते निरोपाचं गाणं. त्या गाण्याखाली राखीला एक धून ऐकू आली. जीप मागे घेताना वाजते ती.

"रस्त्यानं गेली असंन एखादी," दिग्दर्शक प्रफुल्ल म्हणाला. "पुसून टाक."

राखीनं पुसली. मग तिचं लक्ष पडद्यावरच्या याडीच्या दंडांकडे गेलं. मनगटं भरलेली होती, कोपरावर मात्र काहीच नव्हतं.

"चार बांगड्या कमी दिसल्या तर कोनाले समजते?" प्रफुल्ल म्हणाला.

"आमच्या लहान पोरीलेही समजते. कोपरावरचा चुडा नवरा गेल्यावरच उतरवतात."

तो चुडा राखीनंच सकाळी चढवला होता. तिनं खिडकीतून पाहिलं. याडी झाडाखाली चहा पीत होती आणि दंड चुड्यानं गच्च भरलेले होते.

प्रसंग पुन्हा घेतला. पडद्यावर दंड पुन्हा उघडेच. पुसलेली धूनही परत आली होती.

संध्याकाळी तांड्यावरच्या शामची भाड्याची जीप गल्लीत मागे आली. तीच धून होती. दुसऱ्या दिवशी दारव्ह्याचा बाजार होता, आणि राखीचा बाप डोंगरसिंग दर बाजाराला याच जीपच्या मागच्या फळीवर उभा राहून जायचा. उघडे दंड आणि ही धून यांचा अर्थ राखीला लागला. पण चूक दिसली की दुरुस्त करायची, हे तिच्या हाडीमाशी खिळलं होतं.

"बा, उद्या बाजारले जायाचं नाही."

"काहून?"

"माणूस कमी पडून राह्यला. नवरीचा बैल तू धर."

डोंगरसिंग हसला, पण थांबला. सकाळी शामची जीप त्याच्याशिवाय गेली.

दुपारी राखीनं सकाळी पुन्हा घेतलेल्या पाठवणीचं चित्रण लावलं. बैल धरून बा उभा होता. याडीचे दंड भरलेले होते. धून नव्हती. तिला रडूच फुटलं. जिंकलो आपण, असं ती मोठ्यानं म्हणाली.

मग खात्रीसाठी हेडफोन लावून तिनं ढावलो शेवटपर्यंत ऐकला. चित्रपटातल्या नवरीचं नाव जया होतं. याडी जया म्हणत नव्हती.

ती राखी म्हणत होती.

आणि खालून ती धून हळूहळू वर येत होती.

राखीनं हेडफोन काढले. धून थांबली नाही. बाहेर बाजाराहून परतलेला शाम जीप मागे घेत होता. चित्रण यवतमाळला पोचवायचं होतं, आणि ते काम तिचंच होतं.

"चला ताई!"

"तू जाय शाम. मी येत नाही."

"काहून?"

"येत नाही म्हटलं ना!"

जीप गेली. धूळ बसली. धून वाजतच होती.

चंदाबाई दारात आली आणि तिनं लेकीला जवळ ओढलं. कोपरावरचा चुडा राखीच्या गालाला गार लागला.

"काहून रडून राह्यली, याडी?" राखीनं विचारलं.

"मी? मी कुठं रडून राह्यली?"

राखीनं मान वर करून पाहिलं. याडीचे डोळे कोरडे होते. ओठ मिटलेले होते.

राखीच्या नावाचा ढावलो चालूच होता.