कोऱ्या बाटलीतलं जस्त

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या खिडकीवरच्या बेर्ताबाई त्या दिवशी आल्या नव्हत्या, म्हणून फाबियोलाच उठली. डोंगरातल्या पोतोसी शहरात बाहेर गारा ताडताड पडत होत्या आणि दारात रूफिनो उभा – केसांत गारा, ओठांवर ओशाळं हसू.

"पाणी तपासायचंय. आमच्या झऱ्याच्या वर जुनी खाण आहे. शिसं उतरलंय का ते कळेपर्यंत गावानं झरा बंद ठेवलाय."

तिनं रिकाम्या बाटल्या पुढे सरकवल्या. "हातमोजे घालूनच भरायच्या. आणि ही कोरी बाटली – आमचंच शुद्ध पाणी. झऱ्यावर उघडायची, लगेच बंद करायची. भरताना बाहेरचं काही मिसळलं, तर हिच्यात कळतं. ऐकताय ना?"

"ऐकतोय…" ऐकतोय कसला! नुसता तिच्याकडे बघत होता.

भरलेल्या बाटल्या घेऊन आला, तेव्हा स्वारी भलतीच नीटनेटकी होती. सोबत किटलीत गरम आपी, जांभळ्या मक्याचं गोड पेय. फाबियोलाला ती आवडली. आणणाराही आवडला, खोटं कशाला बोला!

पण कणाकणाचा हिशेब ठेवणाऱ्या तपासणीच्या यंत्राला कोऱ्या बाटलीत जस्त सापडलं. कोरी बाटली बाटली, की सगळे नमुने बाद.

"झऱ्यावर काय केलंत?" तिनं विचारलं.

"तोंडाला… क्रीम लावलं. उन्हाचं, पांढरं."

"अहो, त्यात जस्तच असतं! आणि हातमोजे?"

"ते घालून क्रीम नीट लागेना." त्याची मान खाली गेली. "तिथून थेट इथंच यायचं होतं ना. तुम्ही असणार म्हणून…"

तिला राग यायला हवा होता. आलं हसू. पण लगेच गावाचा बंद झरा आठवला. "गाव काय म्हणेल?"

"माझ्या नावानं शंख करेल."

"मीच येते," ती म्हणाली आणि नमुन्यात धातूचा कणही नको म्हणून कानातले डूल काढून ड्रॉवरमध्ये ठेवले.

झऱ्यावर तिनंच बाटल्या भरल्या. रूफिनो लांब उभा, हात पाठीमागे, नाक उन्हानं सोललेलं.

निकाल आला, तेव्हा रूफिनो किटली घेऊन बाहेर थांबला होता; तीच धावत खिडकीशी गेली. "कोरी बाटली स्वच्छ. शिसंही नाही. झरा उघडा!"

त्याचे डोळे भरून आले. किटली खाली ठेवत तो पुटपुटला, "म्हणजे आता इथं यायचं कारण संपलं…"

"कारण कशाला लागतं?" तिनं डूल पुन्हा कानात घातले. "रोज ये. फक्त तोंडाला काही फासून येऊ नकोस. मला तू असाच आवडतोस, सोललेल्या नाकाचा."